लांबलचक इंग्लिश शब्द शेपटाकडून धरा

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर निम्मं काम औषध देण्याचं आणि निम्मं औषधाचं नाव ओळखण्याचं असतं. कुणी 'ते पॅन्टो का काय ते द्या' म्हणतं, कुणी रिकामी स्ट्रिप पुढं सरकवतं, कुणी फोनवर एकेक अक्षर सांगत जातं आणि अर्ध्यात 'ताई, पुढचं पुसलंय बघा' म्हणून थांबतं. कोल्हापूरचा माणूस तसा बोलायला कुणाला भिणारा नाही, पण बारा-पंधरा अक्षरांचं इंग्लिश नाव समोर आलं की पहिले दोन तुकडे दणक्यात म्हणतो आणि उरलेलं घशातच ठेवतो. हाताखाली डी.फार्म करणारा एक पोरगा येतो त्याचंही तेच, पुस्तकातलं सगळं पाठ पण तोंडानं म्हण म्हटलं की घाम. त्याला जे सांगत असते तेच इथं लिहितेय. मी काही भाषेची प्राध्यापक नाही, पण असल्या शब्दांशी रोज गाठ पडते.

मोठा इंग्लिश शब्द तीन प्रकारे फुटतो. तोंडाला म्हणता यावा म्हणून ठोक्यांत फुटतो, त्याला सिलेबल म्हणतात. त्यातल्या एका ठोक्यावर जास्त जोर येतो आणि बाकीचे दबतात, त्यावरून ऐकणारा शब्द ओळखतो, हा झाला स्ट्रेस. आणि तिसरं म्हणजे अर्थाचे भाग, आपल्याकडं उपसर्ग, धातू, प्रत्यय म्हणतात तसले. गोची अशी की ह्या तिन्ही फोडी एकमेकींवर नीट बसत नाहीत, ठोका एकीकडं तुटतो, अर्थ दुसरीकडं तुटतो आणि जोर तिसऱ्याच ठिकाणी जाऊन बसतो. क्लासमधे बहुतेक पहिलीच फोड शिकवतात, टाळ्या वाजवून ठोके मोजायला लावतात, आणि तिथंच विषय संपतो. मराठी माणसाचं खरं अडतं ते जोरात.

ठोक्याचं आधी उरकते कारण ते आपल्याला येतंच. एका स्वराचा उच्चार म्हणजे एक ठोका, त्याच्या मागंपुढं कितीही व्यंजनं चिकटलेली असूद्यात. राजारामपुरी लिहिताना सहा अक्षरं होतात, रा जा रा म पु री, पण रिक्षावाल्याला सांगताना कुणी म वेगळा काढून म्हणत नाही, रा-जा-राम-पु-री, पाचच ठोके. कोल्हापूर लिहायला चार, बोलायला तीन. म्हणजे लिहिलेलं अक्षर वेगळं आणि बोललेला ठोका वेगळा हे आपल्या तोंडाला लहानपणापासून ठाऊक आहे, फक्त इंग्लिश वाचताना ते विसरतं. इंग्लिशमधे हा फरक लई मोठा असतो. स्ट्रेंग्थ्स ह्या शब्दाच्या स्पेलिंगमधे नऊ अक्षरं आहेत आणि ठोका एकच, उलट एरियाच्या स्पेलिंगमधे चारच अक्षरं आणि ठोके तीन. शेवटचा ई बऱ्याचदा मुका असतो, तो मोजायचा नाही. टेबलच्या शेवटी मात्र ल नंतर ई असतो, तिथं तो ल स्वतःच एक ठोका धरतो. आणि आपल्या जिभेला दोन व्यंजनं शेजारी नको वाटतात म्हणून आपण मधे स्वर घुसवतो, फिल्मचं फिल्लम होतं ते असं, एकाचे दोन ठोके.

इंग्लिश लोक उलटं करतात, असलेला ठोका गिळतात. कम्फर्टेबल कागदावर चार ठोक्यांचा आहे, बोलताना बरेच जण कम्फ-ट-बल म्हणून तिनात उरकतात, व्हेजिटेबलचंही व्हेज-ट-बल. ह्याला नावं ठेवायच्या आधी आपण कमळाला कसं म्हणतो ते बघा, नुसतं कमळ म्हणताना क-मळ, आणि ला लावला की कम-ळा-ला, म मधला अ गेला कुठं? आपणही गिळलाच की. तिकडं आणि इकडं दोन्हीकडं बळी जातो तो अ चाच.

डिक्शनरीत शब्दाच्या पोटात टिंबं दिलेली असतात ती ठोक्यांची आहेत असा बऱ्याच जणांचा समज असतो. ती मुख्यतः छपाईसाठी असतात, ओळ संपत आली तर शब्द कुठं तोडून पुढच्या ओळीत न्यायचा यासाठी. त्यात अमेरिकन आणि ब्रिटिश यांचं जुनं भांडण आहे. नोहा वेबस्टर नावाच्या अमेरिकन शिक्षकानं 1783 साली मुलांसाठी स्पेलिंगचं पुस्तक काढलं, त्यात त्यानं जुन्या पद्धतीची क्ल-स्टर ही तोड मोडून क्लस-टर अशी, म्हणजे कानाला ऐकू येते तशी केली (आपल्याकडं फाउंड्री क्लस्टर म्हणतात तोच हा शब्द). अमेरिकन लोक अजून बरेचसे उच्चाराप्रमाणे तोडतात, ब्रिटिश छापखाने शब्द कशापासून बनलाय त्याकडं जास्त बघायचे. म्हणून नॉलेज हा शब्द अमेरिकेत लिहिताना एल नंतर तुटतो आणि इंग्लंडात एल च्या आधी, कारण त्यांना 'नो' हा अख्खा शब्द शाबूत ठेवायचा असतो. कॉम्प्युटरनं हे काम करावं म्हणून 1983 साली स्टॅनफर्डमधे फ्रँक लिआंग ह्यानं डोनाल्ड कनुथच्या हाताखाली पीएचडी केली, साडेचार हजाराच्या आसपास अक्षरांचे नमुने काढले आणि त्यावरून मशीन शब्द तोडायला शिकलं. पण मशीनला स्पेलिंग दिसतं, आवाज ऐकू येत नाही. रेकॉर्ड हे नाव असेल तर तोड एकीकडं, क्रियापद असेल तर दुसरीकडं, आणि स्पेलिंग एकच. डीटीपीवाल्यांना ह्याचा त्रास माहीत असेल. तात्पर्य, टिंबं बघून उच्चार करायला जाऊ नका, उच्चारासाठी शेजारी कंसातलं किंवा तिरक्या रेघांतलं जे असतं ते बघा, त्यात एक छोटी उभी टिकली असते, ती ज्या ठोक्याच्या आधी असेल त्यावर जोर. इथून पुढं मीही तीच टिकली वापरणार आहे.

आता जोर.

मराठीत आपण प्रत्येक ठोक्याला साधारण सारखाच मान देतो. एखाद्या ठोक्यावर थोडा जास्त दाब पडतो पण त्यानं अर्थ बदलत नाही, 'पाणी' म्हणताना पा दाबा नाहीतर णी दाबा, समोरचा तांब्याच आणून देणार. इंग्लिशमधे जोर हा शब्दाच्या ओळखीचा भाग आहे. जोराचा ठोका जरा लांब, जरा मोठ्यानं आणि वेगळ्या सुरात येतो, हे बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे की बाकीचे ठोके नुसते हळू होत नाहीत, त्यांच्यातला स्वरच बदलतो, आ असो, ओ असो, ए असो, दबला की त्याचा अ होतो. बनाना ह्या शब्दात ए हे अक्षर तीनदा येतं, पण इंग्लिश माणूस म्हणतो ब-ˈना-न, मधला एकच आ आणि कडेचे दोन्ही अ. हा अ युरोपातल्या बऱ्याच लोकांना मुद्दाम शिकवावा लागतो, आपल्याला तो बाराखडीच्या पहिल्याच घरात मिळालेला आहे! आपल्याकडं आवाज आहे पण तो कुठं वापरायचा ते नाही, कारण आपण इंग्लिश शब्द स्पेलिंग बघून मराठीत आणला, ओ दिसला की ऑ नाहीतर ओ, ए दिसला की आ नाहीतर ॲ. कॉम्प्युटरचा पहिला ठोका आपण ठणठणीत कॉम म्हणतो, तिकडं तो कम आहे, कम-ˈप्यू-टर. पोलीसचा पो तिकडं प आहे, प-ˈलीस. हॉटेल आपण हॉ वर दाबतो, ते हो-ˈटेल म्हणतात.

आमच्या धंद्यातलंच कुटुंब घ्या. फार्मसी, फार्मास्युटिकल, फार्माकॉलॉजी. तिघांचं मूळ एक, औषध ह्या अर्थाचा ग्रीक शब्द. पण जोर बघा, ˈफा-म-सि, मग फा-म-ˈस्यू-टि-कल, मग फा-म-ˈकॉ-ल-जि. पहिल्यात पहिला ठोका, बाकी दोन्हींत तिसरा, आणि कॉलॉजी मधला जो लॉ आपण एवढा भरून म्हणतो तो तिकडं नुसता ल आहे. शेपूट बदललं की जोर उठून दुसरीकडं जातो आणि ज्या ठोक्यावरून उठला तो दबतो. ॲलर्जी हा शब्द ˈॲ-ल-जि, आणि त्यालाच इक लावला की अ-ˈलर-जिक, पहिल्या ॲ चा अ झाला आणि दबलेल्या ल मधला र परत वर आला.

हे विचित्र वाटतंय? मग शुद्धलेखनाचा तास आठवा. कोल्हापूर मधला पू दीर्घ, आणि कोल्हापुरात, कोल्हापुरी लिहिताना तोच पु ऱ्हस्व. का, तर मागं काहीतरी चिकटलं आणि जो स्वर उपांत्य होता तो उपांत्य राहिला नाही. शेवटाला प्रत्यय लागला की आतला स्वर आखडतो ही गोष्ट आपण पाचवी-सहावीपासून लिहितोय, कोल्हापुरी चपलेच्या दुकानाच्या पाटीवर चूक दिसली तरी हळहळतो. इंग्लिशनं हेच केलंय, फक्त स्पेलिंगमधे दाखवत नाही, सगळा कारभार आवाजात.

म्हणून मी पोराला सांगते, शब्द पुढून वाचायला घेऊ नकोस, आधी शेपूट बघ. जोर कुठं जाणार ते बहुतेक वेळा शेपूट ठरवतं. शन असं ऐकू येणारं शेपूट असेल तर जोर त्याच्या लगेच आधीच्या ठोक्यावर, डोळे झाकून. प्रि-ˈस्क्रिप-शन, इन-ˈजेक-शन, ऑ-प-ˈरे-शन, व्हॅक-सि-ˈने-शन, कॉर-प-ˈरे-शन. यातलं व्हॅक्सिनेट नुसतं असताना ˈव्हॅक वर जोर होता, शन आलं आणि ने वर सरकला. इक असेल तर तोच नियम, अँ-टि-बाय-ˈऑ-टिक, डाय-अ-ˈबे-टिक, इ-ˈलेक-ट्रिक, आणि इलेक्ट्रिकला इटी लावून इलेक्ट्रिसिटी केलं की इ-लेक-ˈट्रि-सि-टि, परत एक घर पुढं. इटी, लॉजी, ग्राफी ह्या सगळ्यांचा हिशोब शेवटून तिसरा ठोका. म्युनिसिपल म्हणताना म्यु-ˈनि-सि-पल आणि म्युनिसिपालिटी म्हणताना म्यु-नि-सि-ˈपॅ-लि-टि. युनिव्हर्सिटी यु-नि-ˈव्हर-सि-टि. आजाराच्या नावांत आयटिस आणि ओसिस ही दोन शेपटं सारखी येतात, आयटिस म्हणजे सूज, ओसिस म्हणजे साधारण विकाराची अवस्था, आणि दोन्हींत जोर शेपटाच्या पहिल्याच स्वरावर, आर-ˈथ्राय-टिस, ब्राँ-ˈकाय-टिस, ट्यु-बर-क्यु-ˈलो-सिस.

काही शेपटं स्वतःच जोर घेऊन बसतात. इंजिनिअर तिकडं एन-जि-ˈनीअर आहे. चायनीजच्या गाड्यावर आपण चाय दाबतो, ते चाय-ˈनीझ म्हणतात. शाहू स्टेडियमवर मॅच असली की ज्याच्या नावानं सगळी पब्लिक शंख करते तो रेफरीसुद्धा रे-फ-ˈरी. ह्यातून कमिटी तेवढी सुटते, स्पेलिंगला तसलंच शेपूट पण जोर क-ˈमि-टि.

आणि काही शेपटं अगदी गरीब, जोराला हातच लावत नाहीत. नेस, लेस, फुल, मेंट, ली, इंग. मूळ शब्दाचा जोर होता तिथंच राहतो, शब्द कितीही लांबला तरी. डेव्हलप हा डि-ˈव्हे-लप, डेव्हलपमेंट झाला तरी डि-ˈव्हे-लप-मंट. आपल्याकडं पहिला डे जोरात आणि शेवटचा मेंट त्याहून जोरात असतो, दोन्ही ठिकाणी उलटं. ह्या शेपटांतली नेस, लेस, फुल, ली, इंग ही इंग्लिशची घरची आहेत आणि इक, इटी, शन ही ग्रीक-लॅटिनकडून फ्रेंचच्या वाटेनं आलेली, 1066 नंतर इंग्लंडवर नॉर्मन राजे बसले आणि पुढची दोन-तीनशे वर्षं असल्या शब्दांचा तिकडं पूर आला, आणि शब्द आपल्या सवयी घेऊन आले. मेंट तेवढं फ्रेंच असून घरच्यासारखं वागतं.

शेपूटच नसलेला मोठा शब्द असेल तर? इथं मराठीत शिकलेल्याला एक फायदा आहे जो इंग्लिश मीडियमवाल्याला कुणी सांगत नाही, वृत्तांचा तास. लघु-गुरू आठवा. जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू, अनुस्वार असेल तर गुरू, दीर्घ स्वर गुरू, बाकी लघु. लॅटिन भाषेत जोराचा नियम नेमका ह्याच हिशोबावर होता आणि इंग्लिशच्या अशा बऱ्याच नावांना तो अजून लागू पडतो. उपांत्य ठोका बघायचा, तो गुरू असेल तर जोर त्याच्यावर, लघु असेल तर आणखी एक घर मागं. अजेंडा, उपांत्य जें गुरू, म्हणून अ-ˈजेन-ड. व्हरांडा, जो भारतातूनच इंग्लिशमधे गेलाय, त्यातला रां गुरू, व्ह-ˈरॅन-ड. अरोमा मधला रो दीर्घ, अ-ˈरो-म. आता अमेरिका, उपांत्य रि लघु, म्हणून जोर मे वर, अ-ˈमे-रि-क. हॉस्पिटल मधला पि लघु, ˈहॉस-पि-टल. सिनेमा आपण ने लांबवतो पण तिकडं तो नुसता न आहे, लघु, त्यामुळं ˈसि-न-म. नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले ह्या दोघांनी 1968 साली इंग्लिश उच्चारांवर जो जाडजूड ग्रंथ काढला त्यात जोराचे नियम मांडताना असंच हलका-जड ठोक्यांचं गणित घातलंय, आणि आपण यमाताराजभानसलगं पाठ करून परीक्षेपुरतं ठेवलं.

नियम म्हटलं की पळवाटा आल्याच. कॅलेंडरला वरचा नियम लावला तर लें वर जोर यायला पाहिजे, येतो कॅ वर. इक वाल्यांत पॉलिटिक्स मोडतो, ˈपॉ-ल-टिक्स, बाकी अंकगणिताचा अरिथ्मेटिक मोडतो, अ-ˈरिथ-म-टिक. ओसिस वाल्यांत मेटामॉर्फोसिस बऱ्याच जणांच्या तोंडी मे-ट-ˈमॉर-फ-सिस असतो. असे थोडे आहेत, येतील तसे लक्षात ठेवायचे. शिवाय दोन ठोक्यांची काही जोडपी आहेत जिथं नाव असेल तर जोर पुढं आणि क्रियापद असेल तर मागं, ˈरे-कॉर्ड म्हणजे नोंद आणि रि-ˈकॉर्ड म्हणजे नोंदवणं, ˈएक्स-पोर्ट आणि एक्स-ˈपोर्ट, ˈप्रे-झंट आणि प्रि-ˈझेंट. हे मोठे शब्द नव्हेत म्हणून जास्त लिहीत नाही.

आता तिसरी फोड, अर्थाची, आणि मला हीच सगळ्यात मजेची वाटते. राजारामपुरीच्या गल्ल्यांतनं हिंडताना दवाखान्यांच्या पाट्या वाचा, न्यूरॉलॉजिस्ट, नेफ्रॉलॉजिस्ट, युरॉलॉजिस्ट, गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजिस्ट. मागचं लॉजिस्ट सगळ्यांचं सारखं, त्या विषयाचा जाणकार. फरक पुढं आहे, न्यूरो म्हणजे मज्जातंतू, नेफ्रो म्हणजे मूत्रपिंड, युरो म्हणजे मूत्र. गॅस्ट्रो म्हणजे जठर आणि एन्टेरो म्हणजे आतडं. एवढं माहीत असलं की किडनीचा पेशंट घेऊन न्यूरोच्या दारात रांग धरायची वेळ येत नाही, आणि लोक धरतात, खरंच सांगते.

पण हाच शब्द ठोक्यांत म्हणा, गॅस-ट्रो-एन-ट-ˈरॉ-ल-जिस्ट. अर्थानं बघितलं तर एन्टेरो इथं संपतो आणि लॉज इथं सुरू होतो, पण जोर पडलेला रॉ हा एन्टेरोचं शेवटचं टोक आहे आणि लॉज मधला ल एकटाच पुढच्या ठोक्यात दबून बसलाय. हेलिकॉप्टर ह्याहून भारी आहे. सगळे हेलि आणि कॉप्टर अशी फोड करतात, इंग्लिश लोकसुद्धा, त्यातूनच त्यांनी कॉप्टर असा सुटा शब्द पण पाडला. खरी फोड आहे हेलिको आणि प्टर. हेलिको म्हणजे मळसूत्री, गरगर फिरणारं, आणि प्टर म्हणजे पंख. प्ट नं ठोका सुरू करणं इंग्लिश जिभेला जमत नाही म्हणून प मागच्या ठोक्याला जाऊन चिकटला, हे-लि-कॉप-टर. आपल्याकडं संधीत हेच होतं, अत्युत्तम म्हणताना अति कुठं संपला आणि उत्तम कुठं सुरू झाला ते तोंडाला दाखवता येत नाही, कागदावर संधिविग्रह करावा लागतो. म्हणून अर्थ हवा असेल तर कानावर विसंबायचं नाही आणि उच्चार हवा असेल तर अर्थाच्या फोडीवर विसंबायचं नाही.

इंग्लिश डिक्शनरीतला सगळ्यात लांब म्हणून जो दाखवतात तो पंचेचाळीस अक्षरी शब्द आपल्या शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांना जवळचा आहे, गंमत नाही. न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. 1935 साली अमेरिकेत शब्दकोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेचा अध्यक्ष एव्हरेट स्मिथ ह्यानं तो मुद्दाम लांबलचक बनवला, डॉक्टर लोक तो वापरत नाहीत. शेपटाकडून धरा. ओसिस, विकार. कोनि, धूळ. व्होल्कॅनो, ज्वालामुखी. सिलिको, सिलिका म्हणजे वाळूतलं खनिज. मायक्रोस्कोपिकच्या आधी अल्ट्रा, म्हणजे सूक्ष्मदर्शकालाही जड जाईल इतकं बारीक. न्यूमोनो, फुप्फुस. एकूण ज्वालामुखीतल्या अतिबारीक सिलिकाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा विकार. ठोके एकोणीस, आणि मुख्य जोर ओसिसच्या ओ वर, नियमाप्रमाणं. ह्यातला व्होल्कॅनो आणि बाकीचा थाट काढून टाकला की उरतो सिलिकोसिस, सि-लि-ˈको-सिस, आणि तो खोटा नाही, साच्याच्या वाळूची बारीक धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की होतो तो. इचलकरंजीकडं कापसाच्या धुळीनं होतो त्याचं नाव बिसिनोसिस, बि-सि-ˈनो-सिस, पुढचा भाग तलम कापडासाठीच्या ग्रीक शब्दावरून. गाव तसा धंदा आणि धंदा तशी धूळ, मागचं ओसिस दोघांना सारखंच.

औषधांच्या नावांत शेपटाचं महत्त्व कुणीतरी ठरवून ठेवलंय. जागतिक आरोग्य संघटनेनं 1950 मधे औषधांना जगभर एकच नाव असावं म्हणून योजना केली आणि 1953 मधे पहिली यादी काढली. त्यात एका जातीच्या औषधांना एकच शेपूट देतात. ओलॉल दिसलं, ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, की हृदयाचे ठोके आणि बीपी आवरणाऱ्या बीटा ब्लॉकरमधलं. सार्टन आणि प्रिल ही पण बीपीवाली, टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल. प्राझोल म्हणजे जठरातलं ॲसिड कमी करणारं, पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, तेच ते 'पॅन्टो का काय'. सिलिन म्हणजे पेनिसिलिनच्या घरातलं, ॲमॉक्सिसिलिन, अ-मॉक-सि-ˈसि-लिन. पेनिसिलिन हे नाव अलेक्झांडर फ्लेमिंगनं 1929 मधे दिलं ते पेनिसिलियम बुरशीवरून, आणि बुरशीचं नाव लॅटिनमधल्या छोट्या कुंचल्यावरून, कारण सूक्ष्मदर्शकाखाली ती कुंचल्यासारखी दिसते, आणि आपली पेन्सिलसुद्धा त्याच कुंचल्याची. मायसिन मधला मायस म्हणजे परत बुरशीच, स्ट्रेप्टोमायसिन, ॲझिथ्रोमायसिन, जोर दोन्हींत माय वर.

शेपूट फसवतं पण. कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात, ॲटॉरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन. मग निस्टॅटिन पण त्यातलंच? अजिबात नाही, ते बुरशीवरचं औषध आहे, 1950 मधे दोन बायकांनी, एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन यांनी शोधलं, त्या न्यूयॉर्क स्टेटच्या आरोग्य खात्यात होत्या म्हणून न्यूयॉर्कची आद्याक्षरं आणि स्टेट जोडून निस्टॅटिन. स्टॅटिनशी काही नातं नाही, योगायोगानं जुळलेलं. यादीतल्या अधिकृत शेपटात नुसतं स्टॅटिन न घेता व्हास्टॅटिन धरतात.

आणि कधी शेपूट सारखं, डोकं पण सारखं, तिथं जोरच वाचवतो. हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रालाझिन. पहिलं खाजेवर देतात, दुसरं बीपीवर. दोन्ही हायड्र नं सुरू, दोन्ही झिन नं शेवट, दोन्ही चार ठोक्यांची. घाईत लिहिलं, घाईत ऐकलं की एकाचं दुसरं होतं, आणि जगभर गोंधळ होणाऱ्या जोड्यांत ही नेहमी असते. उच्चार बघा, हाय-ˈड्रॉक-सि-झीन आणि हाय-ˈड्रॅ-ल-झीन. वेगळेपणा आहे तो नेमका जोराच्या ठोक्यापासून सुरू होतो. आपल्या पद्धतीनं सगळे ठोके सारखे म्हटले की तो ठोका गर्दीत हरवतो, आणि फोनवर तर हमखास. म्हणून मी पोराला सांगते, अमेरिकन ॲक्सेंट मारायची गरज नाही, भारतात इंग्लिश आपल्या चालीनंच बोलतात आणि सगळ्यांना कळतं, पण औषधाचं नाव सांगताना जोराचा ठोका तरी ठासून म्हण. परदेशातल्या कॉल सेंटरवर किंवा इंटरव्ह्यूला बोलताना पण तेच. बाकी उच्चार थोडे इकडंतिकडं झाले तरी ऐकणारा सांभाळून घेतो, जोर चुकला की त्याला दुसराच शब्द ऐकू येतो आणि तो 'पार्डन' म्हणत बसतो.

ह्यातलं काहीही ब्रँडच्या नावांना लागू नाही. ते कंपनी मनाला येईल तसं पाडते, तोंडात बसावं आणि दुसऱ्याच्या ब्रँडसारखं नसावं एवढंच बघते, त्यात शेपटाला अर्थ नाही आणि जोराला नियम नाही. स्ट्रिपवर ब्रँडशेजारी दुसरं एक लांबलचक नाव असतं, त्यापुढं मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, ते आहे खरं नाव. फोन करताना ते वाचून सांगा, मागून.